चूळपंथकाचे वस्त्र आणि आपली शाळकरी मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्ववंदनीय तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा जोतिराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीमाई आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही दोन शब्द बोलायला उभे आहोत. दोन शब्द म्हणताना ते दोनच राहतील याची हमी मात्र नाही. आम्ही म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासवर्ग चालवणारे चौघे जण. त्यातले दोघे निवृत्त शिक्षक, एक नर्स आणि एक बँकेत नोकरीला. समितीने सांगितले की शिक्षणावर बोला. शिक्षणावर या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच, आणि "शिका" हे बाबासाहेबांचे पहिले सांगणे आपल्या लहान पोरालाही पाठ आहे. म्हणून आम्ही ठरवले की शाळेत जाऊनही ज्यांना शिकता येत नाही त्या मुलांविषयी बोलायचे. ती मुले आपल्याच घरात आहेत.

सुरुवात धम्मातल्याच एका गोष्टीने करतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते आणि भन्तेजींनी वर्षावासात ती आपल्याला सांगितलेलीही आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीचे दोन नातू होते, महापंथक आणि चूळपंथक. दोघांचा जन्म वाटेत झाला म्हणून पंथक. थोरला आधी संघात गेला, शिकला, अर्हत झाला. मग त्याने धाकट्याला आणले. धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली, चार ओळींची. चार महिने झाले तरी ती एक गाथा त्याच्या डोक्यात राहीना. दुसरी ओळ घ्यावी तर पहिली जाई. थोरला भाऊ कंटाळला. जीवक वैद्याच्या आम्रवनात संघाला भोजनाचे आमंत्रण होते, तेव्हा त्याने धाकट्याला मोजलेच नाही. उलट सांगितले, तुझ्याने हे होणार नाही, घरी जा.

पहाटे चूळपंथक चीवर उतरवून ठेवायच्या विचाराने निघाला, तर दारातच तथागत उभे. कुठे निघालास म्हणून विचारले. त्याने सगळे सांगितले. तथागतांनी त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हातात दिले आणि म्हणाले, उन्हाकडे तोंड करून बस, हे हाताने चोळत राहा आणि एकच शब्द म्हण, रजोहरणं. धूळ निघून जावो. तो चोळत बसला. हळूहळू ते वस्त्र मळले. स्वच्छ होते ते मळले, हे बदलले, हे त्याच्या हाताने त्याला कळले. त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हत झाला. पुढे जीवकाकडे जे चमत्कार झाले म्हणतात ते आम्ही सोडून देतो, आपल्याला त्यांची गरज नाही.

या गोष्टीत महापंथक वाईट माणूस नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. तो विद्वान होता, भावावर माया होती म्हणूनच त्याला संघात घेऊन आला होता. पण शिकवायची एकच रीत त्याला ठाऊक होती. ऐक, पाठ कर, म्हणून दाखव. त्या रीतीत जो बसला नाही तो बाहेर. आम्हीही बरीच वर्षे महापंथकच होतो.

अट्ठकथेत चूळपंथकाच्या मंदपणाचे कारण मागच्या जन्मात दाखवले आहे, की त्याने तेव्हा एका मंद भिक्खूची टिंगल केली होती. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा म्हणून मानायला साफ नकार दिला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण वर्गातल्या एका मुलाच्या आजीने आम्हाला हेच विचारले, "गुरुजी, याच्या मागल्या जन्मीचं काही असंल का?" बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर. तरीही पोरगं वाचेना म्हटल्यावर शेजारणीच्या सांगण्यावरून त्याला कुठल्याशा बाबाकडे नेऊन गळ्यात दोरा बांधून आणले होते. माणूस हतबल झाला की असं होतं. आम्ही रागावलो नाही, पण दोरा काढायला लावला.

आता या मुलाविषयी. नाव सांगत नाही, तो आपल्यातच आहे. पाचवीत असताना तो आमच्या वर्गात आला. बोलायला चुणचुणीत. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाची हकिकत आजीकडून ऐकलेली, ती अशी सांगायचा की मोठी माणसे थांबून ऐकत. त्रिसरण-पंचशील, भीमगीते, सगळे तोंडपाठ. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला विहारात बावीस प्रतिज्ञांचे वाचन त्याच्याकडे दिले. पुस्तक हातात धरून त्याने खणखणीत आवाजात सगळ्या प्रतिज्ञा म्हटल्या. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आमच्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलं का? पानावर चौदा प्रतिज्ञा आहेत आणि त्याने पान अकराव्याला उलटलं."

तो वाचतच नव्हता. त्याला वाचता येत नव्हते. पाचवीतला मुलगा, आणि हे ना शाळेला माहीत, ना आम्हाला. रोज संध्याकाळी दोन तास आमच्यासमोर बसत होता तरीही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वह्या मागवून घेतल्या. फळ्यावरून उतरवलेले अर्धेमुर्धे, मधले शब्द गळलेले. 'भ' च्या जागी 'म', 'ध' च्या जागी 'घ', 'थ' आणि 'य' यांची अदलाबदल. 'किती' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हेने लिहिलेला. जोडाक्षर आले की तिथे सरळ फराटा. आकड्यांत ३ आणि ६ एकमेकांच्या जागी. छत्तीसचा आकडा आपण भांडणासाठी म्हणतो, त्या मुलाचे आकड्यांशी खरोखरच भांडण होते. आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत "अक्षर सुधारा", "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या", "पालकांनी भेटावे". त्यातले काही शेरे आमच्याच हातचे होते.

यालाच अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, हिशेबात असेल तर डिसकॅल्क्युलिया. नावे परदेशी आहेत म्हणून आजारही परदेशी किंवा श्रीमंतांचा, असे समजू नये. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला तेव्हा आपल्या वस्तीतल्या अनेकांनी तो पाहिला, रडलेसुद्धा. पण तो मुलगा बंगल्यातला, बोर्डिंगात जाणारा. आपल्या चाळीतल्या नळावर भांडणारा पोरगा तसा असू शकतो हे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही नाही.

मुलाची बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, शाळेत जातो, शिकवले जाते, तरी मेंदूत अक्षर आणि आवाज यांची सांगड नीट बसत नाही. इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने १८९६ साली चौदा वर्षांच्या अशा हुशार मुलाची हकिकत छापली होती, म्हणजे गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. हा आजार नव्हे, औषधाने जात नाही, टॉनिकाने तर नाहीच. मतिमंद मूल वेगळे, ज्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. ज्याची सगळीच गती थोडी कमी असते ते गतिमंद मूलही वेगळे. हे तिसरे आहे. आणि लोक तिघांनाही एकच शब्द लावतात, 'ढ'. आमच्या शाळेत तर मास्तर शेवटच्या बाकाचे नावच 'ढ' ठेवायचे.

मराठी वाचणे इंग्रजीपेक्षा सोपे, जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून मराठी शाळेत हा प्रश्न नाही, असेही एक शिक्षक आम्हाला म्हणाले. हे अर्धेच खरे आहे. इंग्रजीत स्पेलिंगचा जाच मोठा, कबूल. पण आपल्याकडे ऱ्हस्व इकार आधी लिहायचा आणि उच्चारायचा नंतर. 'कि' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात आधी क येतो. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा. आकड्यांचे तर विचारू नका. सत्तावीस म्हणताना सात आधी आणि वीस मागून, लिहिताना दोन आधी आणि सात मागून. ज्या मुलाला क्रम धरून ठेवायला त्रास होतो त्याचे इथे हाल होतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असे वाचायची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, मराठी बुडाली म्हणून. त्या वेळी या मुलांचा विचार बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी केला ते तेच जाणोत.

मुलाच्या आईला घेऊन आम्ही शाळेत गेलो. शाळा कोणती ते सांगण्याचे कारण नाही, बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळाले असते. वर्गशिक्षक माणूस वाईट नव्हता. वर्गात पन्नासच्या वर मुले, वर सर्वेक्षणाची, निवडणुकीची कामे. तो म्हणाला, "अहो, वस्तीतली मुलं ही. घरी अभ्यास कोण घेणार? वातावरणच नाही. त्यातल्या त्यात हा बरा आहे, दंगा करत नाही."

धम्मबांधवांनो, हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. खासगी शाळेतल्या वकिलाचा मुलगा पाचवीत वाचू शकला नाही तर सगळे म्हणतात, याला काहीतरी अडचण आहे, तपासून घ्या. आपला मुलगा वाचू शकला नाही तर म्हणतात, परिस्थिती आहे. म्हणजे आपल्या मुलाने न वाचणे हे नवल राहतच नाही. त्याचे नापास होणे आधीच गृहीत धरलेले. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. आता गोणपाट नाही, पण ही जी अपेक्षाच न ठेवणे आहे ना, ती त्या गोणपाटाची धाकटी बहीण आहे. तिच्या आड मुलाची खरी अडचण लपते.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या प्रत्येक घरातून "आमच्या पोराला डिस्लेक्सिया आहे" म्हणून चिठ्ठी येईल. मागे पडणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. कित्येक मुलांना फळा दिसत नाही आणि ती सांगत नाहीत. कित्येकांचा कान वर्षानुवर्षे वाहतो, ऐकू कमी येते. कोणी गावी गेले की दोन-दोन महिने गावीच. कोणाची आई आजारी, म्हणून धाकट्यांना सांभाळायला घरी. कोणाला शिकवलेच गेलेले नाही, बाई रजेवर आणि बदली शिक्षक नाही. म्हणून आधी डोळे, मग कान, मग हजेरी, मग नीट शिकवून पाहणे, आणि एवढे करूनही अडत असेल तर तपासणी. आमच्या वर्गात ज्या मुलांविषयी शंका आली त्यातल्या तिघांना नुसता चष्मा लागला आणि ती वाचू लागली.

कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण कायद्याचे बोट धरून चालायला आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. अपंगांसाठी १९९५ चा जो कायदा होता त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, अध्ययन अक्षमता त्यात नव्हतीच. तरी महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. देशात आपले राज्य यात पुढे होते. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात नावानिशी आहे. त्याच्या कलम १६ मध्ये शाळांवर स्पष्ट जबाबदारी आहे, की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करावेत. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची, अशी मुले शोधायची आणि त्यांना काय लागते ते पाहायचे असे आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. म्हणजे ओळखणे हे शाळेचे काम आहे. पालकाने हात जोडून मागायची ती मेहेरबानी नाही.

पण शाळेत ते ओळखणार कोण? समग्र शिक्षा योजना २०१८ पासून आली, त्याआधी सर्व शिक्षा अभियान होते. त्यात तालुक्याला, शहरात विभागाला विशेष शिक्षक नेमले गेले, फिरते शिक्षक. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरायचे, वाट्याला अनेक शाळा. आंधळे, बहिरे, बौद्धिक अक्षमता असलेली सगळी मुले त्यांच्याकडेच. त्यात जे मूल धडधाकट दिसते, बोलते, पळते, ते त्यांच्या नजरेला पडायचे कधी? त्यातले कित्येक जण स्वतःच वर्षानुवर्षे करारावर राबले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावे लागले की पदे मंजूर करा आणि जाहीर करा. पुन्हा बजावावे लागले यावरूनच काय ते समजा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी 'प्रशस्त' नावाची तपासणी-सूची काढली आहे, मोबाइलवरही आहे. वर्गशिक्षकाने ती भरली तर शंका असलेली मुले निदान कागदावर येतात. आपल्या शाळेत ती भरली जाते का, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही.

आठवीपर्यंत नापास करायचे नाही हा नियम शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आला. हेतू चांगला होता, गरिबांची मुले नापास होऊन शाळा सोडत ती टिकावीत. पण न वाचणारे मूल वर वर सरकत गेले आणि नववीत एकदम भिंतीवर आदळले. २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परीक्षेने मूल अडते हे कळेल, का अडते हे कळणार नाही.

आता तपासणीचे. आठ वर्षांच्या आत पक्के निदान करीत नाहीत, कारण लहानपणी अक्षरे उलटी काढणे सगळ्याच मुलांचे होते. पण दुसरी-तिसरीत शंका घेता येते. मुंबईत सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत याची तपासणी होते. बाहेरगावच्या नातेवाइकांनी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये चौकशी करावी. शाळेची चिठ्ठी आणि प्रगतिपुस्तके लागतात. मुलाच्या जुन्या वह्या असतील तर फार बरे. बालरोगतज्ज्ञ तपासतात, डोळे-कान तपासतात, मानसतज्ज्ञ बुद्ध्यंक काढतात, विशेष शिक्षक वाचून-लिहून घेतात. एका खेपेत होत नाही. या मुलाच्या आईला सात खेपा पडल्या. ती चार घरी धुणीभांडी करते. सात खाडे. एका घरी तेवढ्यावरून काम सुटले. "मोफत आहे" असे आपण सहज म्हणतो, ते सात खाडे त्यात धरत नाही. चौथ्या खेपेपासून आमच्यातले कोणीतरी मुलासोबत जाऊ लागले, ते आधीच करायला हवे होते.

आणि एवढे करून दाखला घ्यायची वेळ आली तेव्हा वडील अडून बसले. बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा माणूस, फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "एक दाखला जन्मापासून पोराच्या कपाळावर आहेच. आता हा दुसरा लावता? आधी म्हारड्याचं पोर म्हणायचे, आता येडं म्हणतील." खोलीत कोणीच काही बोलेना. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते आणि आजही तो माणूस चुकला असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्याने जे भोगले ते त्याच्या बोलण्यात होते.

दोन महिने तो विषय आम्ही काढला नाही. मग त्याची आजीच त्याला म्हणाली. धर्मांतरानंतर आपल्या लोकांच्या सवलती गेल्या, १९९० साली कायदा बदलला तेव्हा बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, हे तिला चांगले ठाऊक, कारण तिचा भाऊ त्यात अडकला होता. ती म्हणाली, "कागद कपाळाला लावायचा नसतो. पेटीत ठेवायचा, काम पडलं की काढायचा." आम्ही चार शिकलेल्यांनी जे समजावून जमले नव्हते ते असे झाले.

दाखल्याने काय मिळते ते थोडक्यात सांगतो. परीक्षेत जास्त वेळ, तासाला वीस मिनिटे. लेखनिक घेता येतो. शुद्धलेखनाच्या चुका धरत नाहीत. भाषा आणि गणिताच्या बाबतीत राज्य मंडळाच्या वेगळ्या सवलती आहेत, त्यांची यादी शाळेकडून त्या त्या वर्षी लिहून घ्यावी, कारण ती बदलते. शाळेने मंडळाकडे मुदतीत अर्ज पाठवायचा असतो. तो राहून गेला की दाखला असूनही हात चोळत बसायचे. पुढे सरकारी उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांना ५ टक्के जागा आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के, आणि त्यातला एक टक्का ज्या गटाला आहे त्यात अध्ययन अक्षमता येते. हे आरक्षण समांतर आहे, जातीच्या आरक्षणाला त्याने धक्का लागत नाही. हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात म्हणून ठासून सांगतो, एक घेतले म्हणून दुसरे जात नाही.

पण सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. हे शाळाही विसरतात आणि पालकही. लेखनिक मिळाला म्हणून मुलगा वाचायला शिकत नाही. त्याला शिकवायची रीत वेगळी लागते, आणि इथे चूळपंथकाचे वस्त्र आठवते. हाताने शिकायचे. आम्ही एका परातीत बारीक वाळू घेतली. मुलगा बोटाने अक्षर काढतो, काढता काढता मोठ्याने म्हणतो, पुसतो, पुन्हा काढतो. एका वेळी एकच अक्षर, फार तर दोन. 'भ' आणि 'म' एकाच दिवशी शिकवायचे नाहीत, मध्ये आठवडा जाऊ द्यायचा. शब्द कानाने तोडायचे, टाळ्या वाजवत, क-म-ळ. पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पुस्तकावर सरकवत वाचायचे, म्हणजे पुढच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. पाढे पाठ होत नसतील तर काड्यांचे गठ्ठे. इतिहासाचा धडा कोणीतरी वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे. रोज वीस मिनिटे, पण रोज. रविवारी दोन तास घेऊन उपयोग नाही. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, वेळ लागतो आणि न चिडणे लागते. हे दुसरे फार अवघड आहे. आम्ही त्या चौघांत रोज आळीपाळी करतो ती त्यासाठीच, एकाचा पारा चढायच्या आत दुसरा येतो.

हा मुलगा आता नववीत आहे. वाचतो. सावकाश वाचतो, बोट ठेवून. मोठा परिच्छेद आला की थकतो. गेल्या १४ ऑक्टोबरला आम्ही त्याला प्रतिज्ञा वाचायला सांगितल्या नाहीत, त्यानेच मागून घेतल्या. या वेळी पान चौदाव्याला उलटले. मध्ये दोनदा अडखळला, टाळ्या पहिल्या वेळेपेक्षा कमी पडल्या. मंडळाचा अर्ज शाळेने अजून पाठवलेला नाही. आम्ही दोनदा लेखी दिले आहे, पोच घेतली आहे.

एक गोष्ट सांगायची नाही असे ठरवून आलो होतो, पण सांगतो. या मुलाच्या बऱ्याच आधी आमच्या वर्गात एक मुलगी होती. चित्रे सुंदर काढायची. पाठीमागच्या भिंतीवर जे बोधिवृक्षाचे चित्र आहे, रंग उडाला आहे त्याचा, ते तिचे. वाचायला उभी केली की रडायची. आम्ही तिला आळशी समजलो. आमच्यातल्या एकाने तिला भर वर्गात सांगितले, "तुझ्यासारख्यांसाठी बाबासाहेबांनी रक्त आटवलं काय?" नववीत ती नापास झाली आणि शाळा सुटली. सोळाव्या वर्षी दुकानात कामाला लागली, पुढे लग्न झाले. तिला काय अडचण होती हे आता नक्की सांगता येणार नाही, कोणी तपासलेच नाही. गेल्या वर्षी ती भेटली. तिचा मुलगा दुसरीत आहे. म्हणाली, "गुरुजी, तो पण माझ्यासारखाच करतो." या गोष्टी घराण्यात उतरू शकतात. तो मुलगा आता संध्याकाळी येतो, परातीपाशी बसतो. ती बाहेर पायरीवर थांबते, आत येत नाही.

समितीला आमची विनंती एवढीच आहे की मागच्या खोलीतले जुने मंडपाचे सामान दुसरीकडे हलवावे, मुले वाढली आहेत. रुग्णालयात मुलांसोबत जायला ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल, विशेषतः निवृत्त मंडळींनी, नाव नोंदवावे. येत्या रविवारी वंदनेनंतर याच सभागृहात मुलांच्या डोळ्यांची प्राथमिक तपासणी आमच्या नर्सबाई करतील. दुसरी ते पाचवीतल्या मुलांना आणा. आणि त्यांच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका, त्याही सोबत आणा.

नमो बुद्धाय. जयभीम.